ब्लूजवर निबंध लिहायचाय? मग तिसरी ओळ ऐका

आजचा एपिसोड जरा अभ्यासाचा आहे, पण लगेच पुढे सरकवू नका. मी इंग्रजी साहित्य शिकवते, आणि आमच्याकडे गेली काही वर्षं एक निबंध ठरलेला असतो: ब्लूज गीतांमधली समान सूत्रं. पंधराशे शब्द. पोरं खूश होतात, कारण कादंबरी वाचायची नसते, गाणी ऐकायची असतात. आणि मग जे निबंध माझ्या टेबलावर येतात, ते, खरं सांगू का, एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात. ब्लूज म्हणजे दुःखाचं संगीत. मग एक परिच्छेद प्रेमभंगावर, एक रेल्वेवर, एक दारूवर, एक सैतानावर. आणि शेवटी, दुःख ही वैश्विक भावना आहे.

यातलं एकही वाक्य खोटं नाहीये. अडचण अशी आहे की यातलं एकही वाक्य फक्त ब्लूजबद्दल नाहीये. प्रेमभंग, दारू आणि आगगाडी आपल्या हिंदी सिनेमात काय कमी आहे? मग मिसिसिपीपर्यंत जायचं कशाला?

म्हणून आज मी एवढंच सांगणार आहे: पूर, गाडी, तुरुंग, रुसलेली बायको या गाण्यातल्या वस्तू झाल्या. त्यांची यादी केली की निबंध होत नाही. ती वस्तू गाणाऱ्यानं कशासाठी वापरली, कुणाला उद्देशून वापरली आणि तिच्याआड काय ठेवलं, हे शोधलं की सूत्र हाताला लागतं. आणि ब्लूजमध्ये आड ठेवण्याला फार मोठं कारण होतं. त्याकडे येतेच.

आधी गाण्याची बांधणी. हे कंटाळवाणं वाटेल, पण निबंधाचं निम्मं काम इथेच होतं. सगळी नाही, पण बरीच ब्लूज गाणी तीन ओळींच्या कडव्यांची असतात. पहिली ओळ गायची. तीच ओळ पुन्हा गायची, कधी थोडी वळवून. आणि मग तिसरी ओळ, आधीच्या दोन ओळींना उत्तर देणारी. हे सगळं चार-चार ठोक्यांच्या बारा तुकड्यांत बसतं, म्हणून ‘ट्वेल्व्ह बार ब्लूज’. प्रत्येक ओळीनंतर गायक गप्प होतो आणि तेवढ्या जागेत गिटार किंवा पियानो बोलून घेतो.

मराठीत करून बघू या. समजा पहिली ओळ आहे, शेवटची एसटी निघून गेली. परत, शेवटची एसटी निघून गेली. आता तिसरी काय टाकाल? ‘मी एकटाच उरलो’ टाकलंत तर झालं रडगाणं. पण ‘थांबली असती तरी तिकिटाला पैसे कुठे होते’ असं म्हटलंत की ऐकणारा हसतो, आणि हसता हसता त्या माणसाचा खिसाही त्याला दिसतो. पहिली ओळ प्रसंग सांगते, दुसरी तुम्हाला ताटकळत ठेवते, आणि गाणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं तिसरीत येतं. माझे विद्यार्थी बहुतेक वेळा पहिली ओळ घेतात, कारण ती दोनदा ऐकू येते. तुम्ही तिसरी घ्या. पुष्कळ वेळा तिथे दुःख नसतंच, तिथे टोमणा असतो, फुशारकी असते, नाहीतर सरळ चावटपणा. ब्लूजमधला चावटपणा हा खरं तर स्वतंत्र एपिसोडचा विषय आहे, आणि तो एपिसोड आई-बाबांसोबत ऐकण्यासारखा नसेल!

आता एक वस्तू घेऊ आणि नीट बघू. पूर.

१९२७ साली मिसिसिपी नदीला भयानक पूर आला. २१ एप्रिलला मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनव्हिल गावाच्या वरच्या अंगाला, माउंड्स लँडिंग इथे, नदीकाठचा बांध फुटला. त्या पुरात सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर मुलूख पाण्याखाली गेला आणि सहा लाखांहून जास्त माणसं बेघर झाली. त्या डेल्टा भागात कापूस पिकवणारी, वाट्यानं जमीन कसणारी बहुतांश माणसं काळी होती आणि जमीन गोऱ्या मालकांची होती. हे डोक्यात ठेवा.

आता गाणी. बेसी स्मिथचं ‘बॅकवॉटर ब्लूज’ हे पुराचं सगळ्यात नावाजलेलं गाणं. पाच दिवस पाऊस पडतो, होडी येते, गाणारी टेकडीवर जाऊन आपलं घर होतं तिकडे बघते. निबंधांमध्ये हमखास लिहिलेलं असतं की हे गाणं १९२७ च्या मिसिसिपी पुरावर आहे. तारीख बघा. गाणं ध्वनिमुद्रित झालं १७ फेब्रुवारी १९२७ ला, न्यूयॉर्कमध्ये. बांध फुटला एप्रिलमध्ये. म्हणजे पूर यायच्या दोन महिने आधीच गाणं तयार होतं. डेव्हिड इव्हान्स या अभ्यासकानं त्याचा संबंध टेनेसीतल्या नॅशव्हिलच्या पुराशी जोडून दाखवला, तो १९२६ च्या नाताळातला.

मग मिसिसिपीचा संबंध खोटा का? तर तसंही नाही, आणि मला ही गोष्ट म्हणूनच आवडते. गाणं बाजारात होतं, पूर आला, आणि बुडालेल्या लोकांनी ते आपलं मानलं. एका पुरासाठी लिहिलेलं गाणं दुसऱ्या पुराचं झालं. आता तुमच्या हातात निबंधाचा खरा मुद्दा आहे: बेसीच्या गाण्यात गावाचं नाव नाही, नदीचं नाव नाही, एका बाईचं घर गेलंय एवढंच आहे. नाव नाही म्हणून ते कुणालाही घेता आलं.

याच्या शेजारी चार्ली पॅटन ठेवा. ‘हाय वॉटर एव्हरीव्हेअर’, १९२९, रेकॉर्डच्या दोन्ही बाजू भरून दोन भागांत. पॅटन हा डेल्टातच वाढलेला, तिथल्याच मळ्यांवर वाजवणारा गायक. त्याच्या गाण्यात नुसती गावांची नावंच नावं: लेलंड, ग्रीनव्हिल, रोझडेल, व्हिक्सबर्ग. माणूस एका गावातून दुसऱ्या गावाकडे पळतोय आणि पाणी पुढे हजर आहे. आणि मध्येच तो सांगतो की उंचावरच्या मुलखात गेलो असतो, पण आपल्याला अडवून धरलंय.

इथे हेडफोन काढून विचार करा. पुरात बुडणाऱ्या माणसाला उंचावर जायला कोण अडवतं? पाणी तर अडवत नाही.

ग्रीनव्हिलला काय झालं ते इतिहासात नोंदलेलं आहे. शहर बुडाल्यावर माणसं न्यायला बोटी आल्या. गोऱ्यांना हलवलं. हजारो काळ्या माणसांना मात्र बांधावरच छावण्यांमध्ये ठेवलं, कारण मळेवाल्यांना भीती होती की हे मजूर एकदा गेले तर परत येणार नाहीत, मग कापूस कोण वेचणार? छावणीवर बंदूकधारी पहारा होता. आत-बाहेर करायला पास लागायचा. मदतीचं सामान उतरवायचं, बांध दुरुस्त करायचा, ही कामं त्यांच्याकडून सक्तीनं करून घेतली.

पॅटननं यातलं काहीही उलगडून सांगितलेलं नाही. मालकाचं नाव नाही, पहारेकऱ्याचा उल्लेख नाही. अडवलंय, एवढंच. ज्याला ठाऊक होतं त्याला पुरेसं होतं, आणि ज्याच्या कानावर जायला नको होतं त्याला ते पुराचं गाणं वाटलं. माझ्या मते पंधराशे शब्दांतले पाचशे या एका जागेवर खर्च झाले तरी चालेल.

तिसरं गाणं, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, कॅन्सस जो मॅककॉय आणि मेम्फिस मिनी या नवरा-बायकोचं, तेही १९२९ चं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते लेड झेपेलिनचं म्हणून माहीत असेल. त्यांनी ते १९७१ मध्ये केलं. मूळ गाण्यातला माणूस बांधावर रात्रंदिवस राबलाय, आणि ज्या बांधावर राबला तोच फुटणार आहे. घर जाणार, माणूस सुटणार. एकच पूर, तीन गाणी, तीन वेगळी कामं: एकीनं घराचा शोक केला, एकानं रस्त्यांची साक्ष दिली, एकानं निघून जायचं ठरवलं. ‘ब्लूजमध्ये पूर हे समान सूत्र आहे’ या वाक्यात यातलं काय येतं? काहीच नाही.

आता ‘निघून जाणं’ आलंच आहे तर रेल्वे आणि प्रेम हे दोन्ही एकत्र घेते, कारण ते एकत्रच समजतात. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. त्याआधी गुलाम माणसाला मालकाच्या चिठ्ठीशिवाय मळ्याबाहेर पडता येत नसे. त्याच्या लग्नाला कायद्यात किंमत नव्हती; नवरा एका मालकाला, बायको दुसऱ्याला विकली जायची. स्वातंत्र्य मिळाल्यावर जमीन मिळाली नाही, मतदानाचा हक्कही दक्षिणेत पुन्हा काढून घेतला गेला. मग नवीन काय मिळालं? अँजेला डेव्हिस यांनी १९९८ च्या ‘ब्लूज लेगसीज अँड ब्लॅक फेमिनिझम’ या पुस्तकात हे फार नेमकं मांडलंय: आपल्या मनानं प्रवास करता येऊ लागला आणि आपल्या मनानं जोडीदार निवडता, सोडता येऊ लागला.

हे वाचल्यावर प्रेमभंगाची गाणी वेगळीच ऐकू येतात. ज्याच्या आजोबांना बायको निवडायचा अधिकार नव्हता, तो माणूस रेकॉर्डवर गातोय की ती मला सोडून गेली. सोडून जाता येणं हीच नवी गोष्ट होती. आणि बायकाही जातात बरं का, ब्लूजमध्ये फक्त पुरुषच गाडीत बसतात असं नाही. मा रेनी, बेसी स्मिथ यांची गाणी ऐका. त्यातली बाई वाट बघत बसणारी फार कमी वेळा असते.

रेल्वेही अशीच. मिसिसिपीतून शिकागोला जाणारी इलिनॉय सेंट्रल ही रेल्वे हजारो लोकांसाठी सुटकेचा रस्ता होती. साधारण १९१० च्या दशकापासून १९७० पर्यंत सुमारे साठ लाख काळी माणसं दक्षिण सोडून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेली. मुंबईत २०११ पासून जो महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, त्यात मेहबूब स्टुडिओत ज्याला लोकांनी डोक्यावर घेतलं, तो बडी गाय याच वाटेचा प्रवासी. लुइझियानातल्या, वाट्यानं शेती करणाऱ्या घरातला मुलगा, १९५७ मध्ये शिकागोला आलेला.

सैतानाबद्दल फार बोलणार नाही, कारण यूट्यूबवर त्याची कमतरता नाही. रॉबर्ट जॉन्सननं चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला, ही कथा सगळ्यांना पाठ असते. मग ‘क्रॉस रोड ब्लूज’ ऐका, नोव्हेंबर १९३६ चं. त्यात सैतान नाही. एक माणूस चौरस्त्यावर गुडघे टेकून देवाची करुणा भाकतो, मग येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करतो. कुणी थांबत नाही, कुणी ओळखत नाही, आणि दिवस मावळतोय. त्या काळच्या दक्षिणेत अनोळखी गावाबाहेर अंधार पडल्यावर एकटा काळा माणूस असणं म्हणजे काय, हे कळलं की सैतानाची गरजच उरत नाही. त्याच्या १९३७ च्या दोन-तीन गाण्यांत सैतान आणि नरकातला कुत्रा येतात, हो, ती गाणी घ्या. पण दंतकथेवर निबंध लिहून गाण्याचं नाव देऊ नका.

बरं. आता मघापासून मी ‘आड ठेवलं’, ‘आड ठेवलं’ म्हणतेय, याला पुरावा काय? की हे सगळं आम्हा मास्तर लोकांचं डोकं? पुरावा आहे, आणि तो गायकांच्याच तोंडचा आहे.

१९४७ मध्ये लोकसंगीत गोळा करणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सनं न्यूयॉर्कमध्ये तीन ब्लूज कलावंतांना एकत्र बसवलं: बिग बिल ब्रून्झी, मेम्फिस स्लिम आणि सनी बॉय विल्यमसन. मशीन चालू केलं आणि विचारलं, ब्लूज येतं कुठून? तिघं बोलायला लागले. बांधांच्या कामाच्या छावण्या, तुरुंगाची शेतं, जिथे खेचर मेलं तर नुकसान मानायचे आणि माणूस मेला तर दुसरा आणायचे, अशा जागा. आणि त्यांनी सांगितलं की मालकाला तोंडावर शिवी देता येत नव्हती, मग माणूस जनावराला शिव्या द्यायचा, किंवा गाण्यात घालून बोलायचा. म्हणजे सूड गाण्यातून. हे अगदी साध्या गप्पांच्या सुरात चाललंय, मध्ये हसणंही आहे.

मग लोमॅक्सनं त्यांना ते ध्वनिमुद्रण ऐकवलं. आणि तिघं घाबरले. आमची नावं कुठेही येता कामा नयेत, म्हणाले. स्वतःची काळजी कमी, दक्षिणेत राहिलेल्या नातेवाइकांची जास्त; कुणीतरी त्यांना शोधून काढेल. लोमॅक्सनं शब्द पाळला. आधी लेख, मग १९५० च्या दशकाच्या शेवटी रेकॉर्ड, सगळं टोपणनावांनी. खरी नावं छापली गेली १९९० मध्ये, तिघंही हे जग सोडून गेल्यावर. ‘ब्लूज इन द मिसिसिपी नाइट’ या नावानं ते आजही ऐकायला मिळतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी लिहिलं ना, की ब्लूजमध्ये सामाजिक भाष्य कमी आणि वैयक्तिक रडणं जास्त, तर त्याला हे ऐकवा. न्यूयॉर्कच्या बंद खोलीत बोलायला ही माणसं धजावत नव्हती. दक्षिणेत जन्मलेल्या, दक्षिणेत विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डवर काय बोलणार होती?

पण सावध. ही किल्ली हातात आली की पोरं प्रत्येक कुलपाला लावत सुटतात. प्रत्येक ‘दुष्ट प्रेयसी’ म्हणजे गोरा मालक, असं काही नाही. कधीकधी प्रेयसी खरंच दुष्ट असते. गाण्यात काही पुरावा दिसला पाहिजे: कामाचा, पगाराचा, पोलिसाचा, जागेचा उल्लेख. नसेल तर सोडून द्या. आजारपणाची गाणी बघा, व्हिक्टोरिया स्पिव्हीचं १९२७ चं ‘टीबी ब्लूज’. तिथे क्षयरोग म्हणजे क्षयरोगच, आणि आजारी माणसाला मित्रांनी टाकणं. ते कमी दुखतं का? बुक्का व्हाइट १९४० मध्ये ‘पार्चमन फार्म ब्लूज’ गातो तेव्हा तुरुंग हे कशाचंही प्रतीक नाही. तो तिथे कैदी होता.

आणि एक गोष्ट, जी निबंधांत जवळजवळ कधीच नसते. ही सूत्रं समान का आहेत? एक कारण, ओळी सगळ्यांच्या होत्या. एकाच कडव्याचा तुकडा दहा गायकांकडे सापडतो, कुणी कुणाची चोरी केली असं त्यांना वाटत नव्हतं. दुसरं कारण बाजार. ऑगस्ट १९२० मध्ये मॅमी स्मिथनं ‘क्रेझी ब्लूज’ गायलं, ते तुफान विकलं गेलं, आणि कंपन्यांना कळलं की काळं गिऱ्हाईक आहे. मग त्यांच्यासाठी वेगळ्या याद्या निघाल्या, ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून. पॅटनच्या रेकॉर्ड काढणारी पॅरामाउंट तर मुळात विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची! ग्रामोफोनची कपाटं विकायची म्हणून रेकॉर्ड. अशा लोकांनी ठरवलं की तीन मिनिटांत काय मावेल आणि काय खपेल. म्हणजे आपल्याकडे आलेली सूत्रं ही डेल्टातल्या सगळ्या गाण्यांची नाहीत, चाळणीतून उरलेल्यांची आहेत. जमावानं माणसांना फासावर लटकवण्याचे प्रकार तेव्हा सर्रास होते, पण त्या काळच्या ब्लूज रेकॉर्डवर त्याचा थेट उल्लेख फार दुर्मिळ आहे. निबंधात जे सापडत नाही त्यावरही एक परिच्छेद लिहा.

काही जणांना वाटेल, आपल्या जात्यावरच्या ओव्यांमध्येही असंच आडून बोलणं आहे, ते जोडू का? मनात जरूर जोडा, ऐकायला मदत होते. या निबंधात नको. पंधराशे शब्दांत दोन्ही मुलूख मावत नाहीत.

मग प्रत्यक्ष काय करायचं? एकच वस्तू निवडा. तीन गाणी, चार नकोत. प्रत्येकाचं साल, जागा आणि गाणारा कुठला, हे आधी कागदावर लिहा. मग ऐका, शब्द न बघता, दोनदा. इंटरनेटवरचे शब्द पुष्कळदा चुकीचे असतात, पॅटनचे तर विचारूच नका. त्याच्या रेकॉर्डची खरखर आणि त्याचा उच्चार, दोन्ही मिळून अभ्यासकही भांडतात. जे ऐकू येत नाही तिथे ‘अस्पष्ट’ असं लिहा, मी मार्क कापत नाही. मग प्रत्येक कडव्याची तिसरी ओळ वेगळी काढा आणि तिच्यापुढे एकच प्रश्न लिहा: हे कुणाला ऐकवायचंय, आणि कुणाला ऐकू जायला नकोय?

शोनोट्समध्ये आजच्या गाण्यांची नावं क्रमानं दिली आहेत. पहिलं पॅटनचं लावा, आवाज थोडा वाढवून. भेटू पुढच्या एपिसोडला.